कारखान्यानंतरची गाडी

मुंबईत मोटार खोक्यांतून आली. सुटे भाग बंदरात उतरायचे आणि बंदराच्या कडेलाच त्यांची जुळणी व्हायची. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत कारखाना काढला आणि तिथून शेव्हर्ले गाड्या बाहेर पडू लागल्या. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी माझगावात विलिज कंपनीच्या जीप जोडायला घेतल्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने आधी क्रायस्लर गटाच्या अमेरिकी गाड्या जोडल्या, मग पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार केला आणि कुर्ल्याचं नाव देशभर पोचवलं. आराखडे परदेशातले, हात इथले. परळ-लालबागच्या गिरण्यांत सूत निघत होतं त्याच काळात अर्ध्या तासाच्या पायपिटीवर शिवडीत दुसरे कामगार मोटारींचे पत्रे जुळवत होते. गिरणी कामगारावर आपण कविता लिहिल्या, नाटकं केली, चित्रपट काढले. मोटार जोडणाऱ्या कामगाराची आठवण फार थोड्यांनी ठेवली. १९५४ साली जनरल मोटर्सने शिवडीचं काम आवरलं, कारण नुसती जुळणी करणाऱ्यांना यापुढे परवानगी नाही, भाग इथेच बनवायला हवेत, असं सरकारने ठरवलं होतं.

या पुस्तकाचा विषय आहे मोटारीची ओळख. तिचं नाव, तिचा चेहरा, तिच्या आत काय बसवलं आणि काय गाळलं, हे सगळं त्यात आलं. कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली की वाटतं, ही ओळख कारखान्यातूनच पूर्ण होऊन बाहेर पडते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात ज्याने वर्षानुवर्षं गाड्या पाहिल्या त्याला हे पटणार नाही. कारखाना गाडीची अर्धी ओळख घडवतो. उरलेली अर्धी रस्त्यावर घडते. चालक, गॅरेजवाला, रंगारी, आरटीओ, मागच्या सीटवर बसणारा प्रवासी, सगळ्यांचे हात तिला लागलेले असतात. आजच्या गाड्यांतली यंत्रणा या दुसऱ्या अर्ध्या भागाची दारं एकेक करून बंद करते आहे. मला त्याची काळजी वाटते आणि ही प्रस्तावना त्या काळजीपोटी लिहिली आहे.

उदाहरण म्हणून एक गाडी पुरेशी आहे. फियाटने ११००-१०३ हे मॉडेल १९५३ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात आणलं. आराखडा दान्ते जाकोझा या अभियंत्याचा. इटलीत ती मध्यमवर्गीय कुटुंबाची साधी, टिकाऊ गाडी होती आणि साठचं दशक संपता संपता तिथे तिचं काम संपलं. कुर्ल्यात मात्र तिचं दुसरं आयुष्य सुरू झालं. १९६४ च्या सुमारास ती ‘फियाट ११०० डिलाइट’ होती, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. चितोडच्या राणीचं नाव तिला मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, लांबी चार मीटरला थोडी कमी, रुंदी १.४६ मीटर. दिवे, जाळी, बंपर यांत थोडेफार फरक होत गेले, पण २००० सालच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत गाडी लांबून ओळखू यायची ती त्याच चौकोनी बांध्यावरून आणि मागच्या शेपटीसारख्या कडांवरून. परदेशी करार संपला आणि कंपनीने नाव बदललं, तरी मुंबईकर तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिला.

टॅक्सीचा रंग हा तर शहराने केलेल्या डिझाइनचा सर्वांत चांगला नमुना. स्वातंत्र्यसैनिक आणि मुंबईचे खासदार विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी ही रंगांची जोडी पंडित नेहरूंना सुचवली, असं सांगतात. टप पिवळा, म्हणजे गाडी लांबून दिसावी. खालचा भाग काळा, म्हणजे रस्त्याचे डाग झाकले जावेत. दोन रंग आणि प्रत्येकामागे एक व्यवहारी कारण. गिरगावातल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून गाडीचं बॉनेट दिसत नाही, जाळी दिसत नाही, कंपनीचं चिन्ह तर नाहीच. दिसतो तो टप. गॅलरीत उभं राहून खाली जाणारी टॅक्सी थांबवणाऱ्या माणसासाठी पिवळा टप हाच गाडीचा चेहरा होता. इटलीत तुरिनला बसलेल्या फियाटच्या रेखाटनकारांनी टपाकडे कधी त्या नजरेने पाहिलं नसेल, कारण त्यांचं गिऱ्हाईक फुटपाथवर उभं होतं.

टपावरचं कॅरियरही असंच आलं. दादर किंवा बॉम्बे सेंट्रलला उतरलेलं कुटुंब ट्रंका, वळकट्या, पाहुण्यांसाठी आणलेली आंब्याची पेटी घेऊन टॅक्सीत बसायचं, आणि डिकीत ते मावायचं नाही. पुढे मुंबईची हवा बिघडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि या शतकाच्या सुरुवातीला टॅक्सीला सीएनजी घेणं भाग पडलं. सिलिंडर डिकीत बसला आणि सामान कायमचं वर गेलं. हवेचा प्रश्न सोडवताना टॅक्सीचा आकार बदलला, आणि तो कुठल्याही डिझाइन स्टुडिओत ठरला नव्हता.

आत बसल्यावर आणखी कितीतरी गोष्टी हाताला लागायच्या. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, म्हणून पुढची सीट सलग. डाव्या बाजूला बाहेर लावलेला यांत्रिक मीटर, जो चालक हात बाहेर काढून पाडायचा. त्यावरचा आकडा म्हणजे भाडं नव्हे, भाडं दरपत्रकात शोधायचं. खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यातली तिकोनी काच फिरवली की वारा थेट अंगावर यायचा. छताला फुलाफुलांचं रेक्झिन, डॅशबोर्डवर देव, मागच्या काचेवर रेडियमची अक्षरं. २०१५ साली ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण चित्रकारांनी सीटची आणि छताची कापडं नव्याने काढली, आणि प्रत्येक टॅक्सीच्या आत मुंबईची एकेक गोष्ट उभी राहिली. त्या उपक्रमाचं कौतुक जगभर झालं. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ही कामं करायला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. चालकाने हो म्हटलं आणि कापड शिवलं गेलं.

दुरुस्तीचंही तेच. बॉनेट उघडलं की प्लग, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, रेडिएटर सगळं डोळ्यांसमोर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग मिळायचे, न मिळाले तर चोरबाजारात शोधायचे, तिथेही नसले तर लेथवर करून घ्यायचे. परळच्या एखाद्या गल्लीत जॅक, दोन पाने आणि गोणपाट एवढ्या भांडवलावर गॅरेज चालायचं. उस्तादाच्या हाताखाली पोरगा चार-पाच वर्षं राबला की त्याचं स्वतःचं गॅरेज. मी याला ज्ञान म्हणतो. पण ते कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून मोटारीच्या इतिहासात धरलं जात नाही.

पद्मिनीचे गोडवे गाताना तिचे दोष झाकले तर ते तिच्या चालकांशीच बेइमानी ठरेल. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली बारा तास काढायचे म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक. एअरबॅग नाही, अपघात झाला तर बांधा कितपत तग धरेल याची हमी नाही, जुन्या इंजिनाचा धूर, कमरेचं दुखणं. राज्य सरकारने २००८ साली टॅक्सीचं वय २५ वर्षांवर बांधलं आणि २०१३ साली ते २० वर आणलं. तो निर्णय योग्यच होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे राहिली नाही. त्याच्या दीड महिना आधीच बेस्टची डिझेलवरची लाल दुमजली बस गेली होती. निदान एक पद्मिनी तरी रस्त्यावर किंवा संग्रहालयात जपावी, अशी टॅक्सी संघटनेने मागणी केली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आज कोहिनूर सिटी उभी आहे. शेजारच्या रस्त्याला मात्र लोक अजून प्रीमियर रोडच म्हणतात. याच कारखान्यात डॉ. दत्ता सामंतांनी सत्तरच्या दशकात कामगारांना मोठी पगारवाढ मिळवून दिली आणि त्या यशावर त्यांचं नाव गिरणगावात पोचलं. १९८२ चा गिरणी संप त्यांच्याकडे का गेला, याचं एक उत्तर मोटारीच्या कारखान्यात सापडतं.

आता कंपन्या आपली ओळख कशी राखतात ते पाहू. माझगावात जी जीप जोडली गेली तिच्या चेहऱ्यावर सात उभ्या खाचांची जाळी होती, आणि ती जाळी हीच जीपची निशाणी ठरली. महिंद्रांनी त्या घराण्याच्या गाड्या दशकानुदशकं बनवल्या. खेडोपाडी ‘जीप’ म्हणजे महिंद्राचीच गाडी. २०१८ साली त्यांनी अमेरिकेत रॉक्सर नावाची वाहनं विकायला काढली, तेव्हा तिथल्या व्यापार आयोगापुढे तक्रार गेली की हे आमच्या जीपच्या रूपाचं अनुकरण आहे. २०२० साली आयोगाने तक्रारदाराच्या बाजूने निकाल दिला, मग महिंद्रांनी पुढचा भाग बदलला आणि बदललेल्या गाडीला त्याच वर्षअखेर मोकळीक मिळाली. तक्रारदार कोण, तर फियाट क्रायस्लर. कुर्ल्यात प्रीमियरने ज्या दोन परदेशी कंपन्यांशी आधी-नंतर करार केले, त्या दोघी मधल्या काळात एक झाल्या होत्या. माझगाव आणि कुर्ला या दोन ठिकाणी सुरू झालेली गोष्ट अमेरिकेच्या आयोगापुढे पुन्हा एकत्र आली, हे मला अतिशय विलक्षण वाटतं. गाडी जीपसारखी दिसते का, यावर कायदेपंडितांनी दोन वर्षं खर्च केली. चेहरा ही किती मोठी मालमत्ता आहे, ते यावरून कळतं.

महिंद्रांनी पुढे, २०२१ साली, आपल्या एसयूव्हींसाठी दोन शिखरांचं नवं चिन्ह घेतलं. त्यांच्या विजेवरच्या गाडीचं ‘बीई ६ई’ हे नाव २०२४ च्या शेवटी एका विमान कंपनीने हरकत घेताच ‘बीई ६’ असं करण्यात आलं. एका अक्षरासाठी दोन भारतीय कंपन्या न्यायालयात जातात, म्हणजे ओळख ही आता आपल्याकडेही कागदावर राखायची गोष्ट झाली. टाटांचा प्रवास निराळा. १९९८ च्या इंडिकाचं बाह्यरूप तुरिनच्या संस्थेने काढलं, अभियांत्रिकी पुण्यात झाली. वीस वर्षांनी, २०१८ साली, नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळाले आणि भारतीय गिऱ्हाईक पहिल्यांदा सुरक्षिततेवर गाडी निवडू लागलं. तो बदल मी फार मोठा मानतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘किती देते?’ या प्रश्नाच्या शेजारी ‘किती स्टार?’ हा प्रश्न आला.

डिझाइनचा एक कल मात्र गिरगाव ते लालबाग या पट्ट्याला मुळीच मानवलेला नाही, तो म्हणजे रुंदी. फियाट १.४६ मीटर होती. महिंद्रांची अलीकडची एक्सयूव्ही ७०० ही १.८९ मीटर, आरसे सोडून. त्रेचाळीस सेंटिमीटर वाढले. खोताची वाडी तेवढीच आहे, फणसवाडी तेवढीच आहे, लालबागच्या चाळींमधल्या गल्ल्या तेवढ्याच. समोरून हातगाडी आली की दोघांपैकी एकाने मागे जायचं. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागेवर जे टॉवर आले त्यांना सात-आठ मजली वाहनतळ आहेत, म्हणून तिथल्या रहिवाशाला ही वाढ जाणवत नाही. ती जाणवते शेजारच्या चाळीला. उंच बॉनेट, जाड चाकं, रागावलेल्या डोळ्यांसारखे बारीक दिवे हा आज सगळ्याच कंपन्यांचा चेहरा झाला आहे. ज्या रस्त्यावर पाच वर्षांची मुलं क्रिकेट खेळतात तिथे उंच बॉनेटमागून काय दिसत नाही, याचा विचार करणारा डिझाइनर मला हवा आहे.

शहराचा हात मात्र अजून पुरता सुटलेला नाही. गुढीपाडव्याला, दसऱ्याला नवी गाडी शोरूममधून निघते ती आधी प्रभादेवीला सिद्धिविनायकापुढे उभी राहते. दादरच्या फुलबाजारातला झेंडू बॉनेटवर, चाकाखाली लिंबू, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. मागच्या काचेवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ अजून दिसतो. क्रमांकाच्या पाटीवरची मराठी कलाकुसर मात्र गेली. ४१४१ हा आकडा ‘दादा’ वाचला जाईल असा रंगवायचा, २१४ मधून ‘राम’ काढायचा, हे रंगाऱ्यांचं कसब होतं. २०१९ पासून नव्या गाड्यांना ठरावीक ठशाची उच्च सुरक्षा पाटी आली. चोरी आणि गुन्हे शोधायला ती हवीच. त्या रंगाऱ्यांच्या पाट्यांचे फोटो मात्र कोणीतरी गोळा करायला हवेत.

आता या पुस्तकातल्या सगळ्यांत कळीच्या भागाकडे येतो, म्हणजे गाडीच्या आतल्या पडद्याकडे.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डला एक आडवी खाच असायची, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. जर्मनीत ठरलेलं हे माप पुढे जगाने स्वीकारलं. त्या खाचेत कुठल्याही कंपनीचा रेडिओ, कॅसेट किंवा सीडी प्लेअर बसायचा. ऑपेरा हाऊस आणि लॅमिंग्टन रोडच्या पट्ट्यातला गाड्यांच्या स्टिरिओचा धंदा या एका मापावर उभा राहिला. गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणे स्टिरिओ निवडायचं, दुकानदार तासाभरात बसवून द्यायचा, बिघडला तर काढून दुसरा. एका खाचेचं माप सगळ्यांनी मान्य केलं म्हणून शेकडो कुटुंबांना रोजगार मिळाला आणि गाडीवाल्याला निवड मिळाली.

टेस्लाने २०१२ साली मॉडेल एसमध्ये १७ इंची पडदा बसवला आणि सगळ्यांनी त्या वाटेने धाव घेतली. आज पडदा डॅशबोर्डचाच भाग असतो. आवाज, वातानुकूलन, दिव्यांची उंची, आरसे, गाडीची स्थिती, सगळं त्याच्यामागच्या एका संगणकात. तो बदलता येत नाही, आणि बिघडला तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय कोणी हात लावू शकत नाही. माप सगळ्यांचं होतं तेव्हा बाजारही सगळ्यांचा होता. पडदा कंपनीचा झाला आणि बाजारही कंपनीच्या दारात गेला. बीएमडब्ल्यूने २०२२ साली काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी महिन्याला भाडं मागून पाहिलं. वस्तू गाडीत आधीच बसवलेली, पैसे मात्र दरमहा. टीका झाली, पुढच्या वर्षी तो बेत सोडला. पण वाट कुठे जाते ते दिसलं.

सोयीचं म्हणाल तर पावसाळ्यात हिंदमाताच्या चौकात पाणी भरलं असताना काच धुकटली की चालकाला धुकं घालवणारं बटण बोटाने, न बघता सापडायला हवं. पडद्यावर तीन पायऱ्या उतरून ते शोधायचं म्हणजे तेवढा वेळ डोळे रस्त्यावरून काढायचे, तेही समोर दुचाकी पाण्यात अडकलेली असताना. युरोपातल्या एनकॅप संस्थेने २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी अट घातली आहे की दिशादर्शक, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक यांना खरी बटणं किंवा दांडे असावेत. फोक्सवॅगनच्या डिझाइन प्रमुखांनी २०२५ साली जाहीर केलं की महत्त्वाची बटणं पुन्हा येणार. म्हणजे शहाणपण परतायला लागलं आहे. आपल्याकडे मात्र पडदा किती इंचांचा, यावर अजून गाडीची किंमत आणि मान ठरतो. डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन पडदे असलेल्या गाड्या महाराष्ट्रातच बनू लागल्या आहेत.

पडद्याला सरसकट विरोध करणंही मला मान्य नाही. फोन गाडीला जोडला की नकाशा, फोन, गाणी आपली राहतात. २०१४-१५ साली ॲपल आणि गुगलने ती सोय आणली आणि तिच्यामुळे हरवलेल्या निवडीचा थोडा भाग मालकाला परत मिळाला. म्हणूनच जनरल मोटर्सने २०२३ साली आपल्या विजेवरच्या गाड्यांतून ती काढून टाकायचं ठरवलं तेव्हा अमेरिकेत एवढी नाराजी झाली. टाटांच्या काही गाड्यांना आता मराठीतून आज्ञा देता येतात, आणि दादरच्या आजोबांनी ‘एसी कमी कर’ म्हटल्यावर गाडी ऐकते, ही चांगलीच गोष्ट आहे. मागे काय येतंय ते दाखवणारा कॅमेरा तर या गल्ल्यांत देवासारखा धावून येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कोणती गोष्ट पडद्यावर आणि कोणती बोटाखाली, हे ठरवताना ज्याने गाडी बारा तास चालवली आहे त्याला विचारावं. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइन शिकवणारं केंद्र आहे. या शहरात टॅक्सीचालकांची कमी नाही. या दोघांना एका टेबलाशी बसवणं फार अवघड नाही.

पुढची प्रकरणं सलग वाचायलाच हवीत असं नाही. ज्यांना इतिहासात रस आहे त्यांनी पद्मिनीपासून सुरुवात करावी, ज्यांना चिन्हं आणि खटले आवडतात त्यांनी जीपपासून. जे वाचक सध्या गाडी घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी पडद्यावरचा भाग आधी वाचावा आणि मग शोरूममध्ये जावं. चाचणीसाठी गाडी सी लिंकवर नेऊ नये. संध्याकाळी सातला लालबागच्या पुलाखालून न्यावी, मग दादरच्या बाजारपेठेतून. आवाज, एसी, काचेवरचं धुकं या तीन गोष्टी न बघता करता येतात का ते तिथे पाहावं. परत आल्यावर विक्रेत्याला लेखी विचारावं: पडदा फुटला तर किती पैसे आणि किती दिवस, सॉफ्टवेअर किती वर्षं मिळत राहील, आणि आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला या गाडीच्या दुरुस्तीची माहिती तुम्ही द्याल का.